एक बाळ, साडेबारा टक्के

मी संख्याशास्त्र शिकवत असे, हे कळलं की आमच्या गल्लीतले लोक मला नव्या गाडीचा नंबर दाखवतात. "मॅडम, बेरीज आठ येतीया, चालंल न्हवं?" पूर्वी मी समजावत बसायची, की नंबर बघतात ते अंकशास्त्र, माझं वेगळं. आता "चालंल" म्हणून मोकळी होते. गाडी चालते, त्यांचं समाधान होतं आणि माझा चहा गार होत नाही.

बेळगावच्या एका कॉलेजात माझी सगळी नोकरी गेली. कुठल्या साली लागले, कधी बढती मिळाली, हे इथं सांगणार नाही. ते वाचून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. मला सांगायचंय ते दोन मार्कांच्या एका प्रश्नाबद्दल. 'दिलेल्या हिस्टोग्रामवरून नमुन्याचा आकार काढा.' पहिल्या वर्षाच्या पेपरात तो दरसाल कुठल्या तरी कोपऱ्यात असायचाच. तपासणारे आम्ही त्याला फुकटचे मार्क म्हणायचो. निवृत्त झाल्यावर याच प्रश्नानं मला घाम फोडला, आणि शेवटी जीव भांड्यात पडला तोही त्याच्यामुळंच.

हिस्टोग्राम शाळेत आयतालेख या नावानं सगळ्यांनी शिकलेला असतो आणि सगळे तो विसरलेले असतात. म्हणून आधी तेवढं सांगते. मी मूळची बेळगुंदीची. आमच्या शेतातून रताळी आली की आई अंगणात एकसारख्या बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, ओळीनं मांडायची. पहिल्या बुट्टीत बोटाएवढी, तिच्या शेजारी जरा मोठी, मग मुठीएवढी, आणि शेवटच्या बुट्टीत एकेक हातभर. मधल्या बुट्ट्यांना शीग लागायची, कडेच्या अर्ध्यामुर्ध्या राहायच्या. हा झाला हिस्टोग्राम. कागदावर बुट्टीच्या जागी खांब असतो, आणि त्यात किती नग आहेत हे खांबाची उंची सांगते. एकूण रताळी किती, तर प्रत्येक बुट्टीतली मोजायची आणि बेरीज करायची. त्या बेरजेला आम्ही नमुन्याचा आकार म्हणतो, आणि फळ्यावर नुसतं 'एन' लिहितो.

यात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. बोरगावचा एक मुलगा होता, अंगानं दांडगा, हसतमुख. विद्यार्थ्यांच्या वजनांचा हिस्टोग्राम दिला होता आणि त्यानं उत्तर लिहिलं होतं पाच.

"पाच कुठून आले रे?" मी विचारलं.

"खांब पाचच हायत की मॅडम."

"अरे, खांबांच्या आत माणसं आहेत. पाच पोरांची वजनं सांगायला कुणी एवढा कागद खराब करील का?"

त्यानं मान खाली घालून विचार केला. "कागद कालेजचा आसंल तर करत्यात," म्हणाला.

त्याला मी मार्क दिले नाहीत, पण उत्तर मला आवडलं होतं. दर वर्षी वर्गातले निम्मे तरी बुट्ट्या मोजायचे. काहीजण खाली लिहिलेली वजनंच एकमेकांत मिळवायचे आणि नमुन्याचा आकार साडेतीनशे किलो काढायचे. माझी नोकरी म्हणजे बुट्टी आणि रताळं यांतला फरक सांगत राहणं, दुसरं काही नाही.

गिऱ्हाईकं कॉलेजाबाहेरचीही यायची. आमच्या भागातला एक उमेदवार निवडणुकीच्या आधी मोबाईल घेऊन घरी आला. लोकांनी त्याला दहापैकी किती गुण दिले याचा हिस्टोग्राम त्याच्या भाच्यानं काढला होता. आठ, नऊ, दहाचे खांब उंच होते. "मॅडम, येतोय न्हवं मी निवडून?" मी चष्मा लावून खांबांची बेरीज केली. माणसं तीस भरली. कुठं विचारलं, म्हटलं, तर त्याच्याच भावाच्या चहाच्या हॉटेलात. मी त्याला सांगितलं, की हे तीस तुमचा चहा पिऊन बोललेत, यावर विसंबू नका. तो निवडून आला. पेढे द्यायला आला तेव्हा म्हणाला, "तुमचं शास्त्र काय खरं न्हाय बघा." मी पेढा खाल्ला. लहान नमुना खोटाच असतो असं नाही, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही इतकंच. पण हे पेढा तोंडात असताना सांगता येत नाही.

आता सुजाताबद्दल सांगते. सुजाता निपाणीची. तिच्या आजीनं आणि आईनं विड्या वळून घर चालवलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून घरातली सगळी मुलं शिकली. मोठा भाऊ वकील झाला, सुजाता नर्सिंगला आली. बेळगावात शिकत होती तेव्हा आमच्या माडीवर भाड्यानं राहायची. तेव्हापासून ती मला आक्का म्हणते, आमच्याकडच्या बायकांसारखी 'मी जातो, मी येतो' असं बोलते आणि माझ्या डब्यातली चटणी न विचारता घेते. लग्नानंतर तिनं दोन दूरच्या जागी नोकरी केली. नवरा रेल्वेत, गुंजी स्टेशनवर. ती एकीकडं, तो एकीकडं, आणि मुलगी निपाणीला आईकडं. किती अर्ज केल्यावर एकदाची तिची बदली गुंजीच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला एका आरोग्य उपकेंद्रात झाली. मुलगी आईबापाजवळ राहायला आली. तिनं त्या दिवशी मला फोन केला होता आणि नुसती हसत राहिली होती.

गेल्या वर्षी एका रविवारी ती आली ती तोंड उतरलेलं घेऊन. चटणीच्या डब्याकडं बघितलंही नाही.

"आक्का, माझी बदली करणार म्हणत्यात. लांब अथणीकडं."

"का? काय झालं?"

तिनं मोबाईलवरचा फोटो पुढं केला. तालुक्याच्या आढावा बैठकीत पडद्यावर दाखवलेलं चित्र होतं. प्रत्येक उपकेंद्राच्या हद्दीत तीन महिन्यांत जन्मलेल्या बाळांची वजनं, आणि त्यांचा हिस्टोग्राम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. ते खांब लाल रंगवले होते. सुजाताच्या केंद्राचं चित्र अर्ध्याहून जास्त लाल. सगळ्या तालुक्यात शेवटचा नंबर. बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, की गरोदर बायकांकडं तुम्ही लक्ष देता की नाही. नोटीस टाईप झाली होती, सही व्हायची होती. नोटिशीमागून बदली येते, हे त्या खात्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

"दारोदार फिरतो की ओ आक्का मी. गोळ्या द्यायला जातो, त्या खाल्ल्या का बघायला परत जातो. आणि पडद्यावर माझं नाव लालमधी."

मला वाईट वाटलं, आणि माझी जुनी खोड म्हणा, त्याच क्षणी मी खांबांच्या डोक्यावरचे आकडे वाचायला लागले. पहिला खांब, दोन किलोच्या आतला, साडेबारा टक्के. दोन ते अडीचचा पन्नास टक्के. अडीच ते तीनचा पंचवीस. तीनच्या पुढचा पुन्हा साडेबारा.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. खांबांवर नग असतील तर बेरजेनं 'एन' मिळतो. पण नगाच्या जागी टक्के लिहिले की तो हरवतो. टक्क्यांची बेरीज नेहमी शंभरच, मग बाळं आठ असोत की आठ हजार. वर्गात आम्ही शिकवायचो, की अशा वेळी 'माहिती अपुरी' लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडं वळा. अभ्यासक्रम तिथं संपायचा. माझ्या मुलांना मी त्याच्या एक पाऊल पुढं नेलं असतं तर बरं झालं असतं, ही रुखरुख आहे. कारण हरवलेला 'एन' कधीकधी सापडतो.

अर्धं बाळ जन्माला येत नाही. केंद्रात दहा बाळं असती तर एकेक बाळ दहा टक्क्यांचं. मग खांब दहा, वीस, तीस असे चढले असते, साडेबारा कुठून आले असते? वीस बाळं असती तर एकेक पाच टक्क्यांचं, तरीही साडेबारा जमत नाहीत. या चित्रातले सगळे खांब साडेबाराच्या पटीत होते. एक पट, चार पट, दोन पट, एक पट. शंभरात साडेबारा बसतात आठ वेळा. म्हणजे बाळं आठ, किंवा सोळा, किंवा चोवीस. चित्रावरून यापुढं जाता येत नव्हतं. पण ज्या गावात एसटी दिवसाआड येते तिथं सोळा-चोवीस बाळं कुठली.

"सुजाता, तीन महिन्यांत तुझ्याकडं बाळं आठच झाली का गं?"

तिनं डोळे पुसले आणि बोटं धरून आयांची नावं घ्यायला लागली. घराघरातून पाण्यापावसात फिरलेली बाई, तिला कागद लागत नव्हता. नावं सात झाली.

"सातच?"

"न्हाय, आठ. एकीला जुळी झाल्यात."

मी खुर्चीत सरळ बसले. जुळी मुलं वजनाला कमी असतात, हे आमच्या मोलकरणीलाही माहीत आहे. दोन्ही जुळी त्या मोठ्या लाल खांबात होती. दोन किलोच्या आतलं ते एक बाळ आठव्या महिन्यात झालेलं. पडद्यावर ज्याला लोक तालुक्याचं संकट समजले होते, ते एक अवेळी आलेलं बाळ, एक जुळ्यांची जोडी, आणि राहिली दोन.

"त्या दोघांची वजनं किती?"

"दोघं बी दोन किलो चारशेच्या आसपास." मग ती म्हणाली, "बाकीच्या सिस्टर मला येडी म्हणत्यात आक्का. एवढ्या फरकाला कोण बघतंय, अडीच लिवून टाक म्हणत्यात."

मी पुन्हा फोटो बघितला. शेजारच्या एका मोठ्या केंद्राचा खांब दोन ते अडीचमध्ये जमिनीला चिकटलेला होता, आणि त्याच्या पुढचा गगनाला भिडलेला. आईच्या बुट्ट्यांमध्ये असा खड्डा आणि त्याला लागून असा ढीग कधी पडला नसता, आणि बाळंही अशी कुंपण बघून जन्माला येत नाहीत. हात जड असलेल्या कुणीतरी त्यांना अडीचच्या पलीकडं ढकललं होतं.

"मग तू का नाही लिहिलंस अडीच?" खरं सांगते, मी हे परीक्षेसाठी विचारलं नव्हतं. एवढ्यानं तिची बदली टळली असती, आणि त्या घटकेला मला तेवढंच दिसत होतं.

"अडीच लिवलं की ते बाळ चांगल्यात जातंय. मग त्याच्या घरी परत परत जायची गरज न्हाय. कमी लिवलं की मला जायाच लागतंय. आई दूध पाजते का, बाळ गरम ठेवलंय का, बघायलाच लागतंय." तिनं मोबाईल पालथा ठेवला. "आणि काटा जे सांगतोय ते मी कशाला बदलू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तालुक्याच्या गावाला गेलो. तालुक्याचे डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे. मी कन्नडमध्ये सुरुवात केली, तर ते मराठीवर आले. आमच्याकडं समोरच्याचा मान असा ठेवतात, आणि मग दोघंही अडखळत बोलतात. नोटीस त्यांच्या टेबलावर होती. पेनाचं टोपण काढलेलं होतं. सुजाता दाराशी उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिला बसा म्हटलं तरी बसेना.

"डॉक्टर, एकच विचारायचं आहे," मी मोबाईलवरचा फोटो पुढं करत म्हटलं. "या चित्रात बाळं किती आहेत?"

"मॅडम, परसेंटेज आहे ना वर."

"टक्के दिसले मला. बाळं किती?"

ते चिडले नाहीत. चित्र कॉम्प्युटरनं काढलेलं, लाल रंग कॉम्प्युटरनं दिलेला, आणि वरच्या ऑफिसातून त्यांनाही कुणीतरी तेच चित्र दाखवून झापलेलं. बाहेरच्या खोलीतल्या ऑपरेटरला त्यांनी हाक मारून आकडा विचारला. की-बोर्डची टकटक ऐकू आली. चित्रातून निघणारा आकडा आणि सुजाताची बोटं जुळली होती, पण कॉम्प्युटरात कुणी काय भरलं असेल सांगता येत नाही. सोळा निघाले असते तर मी सुजाताला डॉक्टरांसमोर खोटं पाडलं असतं.

"एंट, सर," ऑपरेटर म्हणाला. आठ.

मी श्वास सोडला तो बहुधा बाहेरही ऐकू गेला असेल. मग सावकाश सांगितलं, की इथं एक बाळ म्हणजे साडेबारा टक्के. एकीला जुळी झाली की एका बाळंतपणात पंचवीस टक्के लाल. मोठ्या केंद्रात दहा बाळं कमी वजनाची झाली तरी खांब बोटभर, इथं एक झालं की वीतभर. डॉक्टरांनी कागदावर स्वतः शंभराला आठानं भागून बघितलं. मग खुर्चीला पाठ टेकली आणि तोंडावरून हात फिरवला.

"मॅडम, गेले चार दिवस मी नीट जेवलो नाही या लाल रंगामुळं." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि नोटीस उचलून दोन्ही हातांनी मधोमध फाडली. सुजाताला म्हणाले, "सिस्टर, बसा की आता." ती बसली, आणि बसल्यावर तिला रडू आलं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मी उठणार होते, पण तो खड्डा मला गप्प बसू देईना. कुठल्या सिस्टरचं नाव न घेता मी शेजारच्या केंद्राच्या चित्रावर बोट ठेवलं. दोन ते अडीचची रिकामी जागा आणि तिच्या पुढचा ढीग. डॉक्टरांनी मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला.

"हे तुम्ही दाखवलं नसतं तर बरं झालं असतं," म्हणाले. पण हसून म्हणाले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून दर चित्राखाली बाळांची संख्या लिहायला लागले, आणि सगळ्या केंद्रांना ग्रॅम दाखवणारे नवे काटे गेले. त्यानंतरच्या बैठकीत बहुतेक केंद्रांचे लाल खांब वाढले. कुणाला नोटीस गेली नाही, कारण सगळ्यांना देता येत नाही. सुजाताचं केंद्र त्या गर्दीत मधेच कुठंतरी होतं, आणि तिचं नाव कुणी घेतलं नाही. एवढं सुख कशात नसतं.

त्या दिवशी तालुक्याहून परतताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मी रस्ताभर हललेसुद्धा नाही. आयुष्यभर पोरांना बेरजा शिकवल्या, त्यांतल्या किती कुणाच्या उपयोगी पडल्या माहीत नाही. ही एक पडली, यानं मला इतकं हलकं वाटत होतं, की कंडक्टरनं सुटे पैसे परत दिले नाहीत तेही मी मागितले नाहीत.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिच्याकडं एका घरी मुलगी झाली होती, अडीचला थोडी कमी. बाळाची आजी हात जोडून म्हणत होती, की सिस्टर, अडीच लिवा, लोक आमच्या सुनंला नावं ठेवतील. सुजातानं काट्यावरचं लिहिलं, आजीची बोलणी खाल्ली, आणि तेव्हापासून चिखलातून त्या घरी जात होती. फोन त्याच घरातून होता. मागं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"आक्का, वजन घ्यायला आलोय, पण पोरगी काट्यावर गप पडंना. लाथा मारतीया नुसती. काटा तीनवर जातोय, परत खाली येतोय. आजी म्हणतीया, तीन दिसलं की, लिवा आता."

"मग लिहिलंस का?"

"न्हाय," सुजाता म्हणाली. "थांबलोय. आई पाजायला घेतीया. पोरगी झोपली की काटा बघून लिवतो."